इमारत निधी गेला कुठे?

पतसंस्थेची वार्षिक सभा, साल २००७. बाहेर पाऊस, आत मंगल कार्यालयाच्या खुर्च्या आणि प्रत्येकाच्या हातात वार्षिक अहवाल. तो अहवाल मी टाइप केला होता. शिवाय मी त्या संस्थेची सभासद, म्हणून तिसऱ्या रांगेत बसून आपलेच काम लोकांच्या हातात बघत होते, जराशा अभिमानानेच. अध्यक्षांचे भाषण संपत आले तेव्हा मागच्या बाजूला एक आप्पा उभे राहिले. डोक्यावर टोपी, हातात ताळेबंदाचे पान.

"इमारत निधी मागच्या साली पाच लाख होता. यंदाच्या रकान्यात काहीच नाही. पैसा कोठे गया रे भो?"

कोणी हसले नाही. त्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या अनेक पतसंस्था अडचणीत होत्या. ठेवीदार पासबुक घेऊन चकरा मारत होते. ताळेबंदातला एक आकडा कमी दिसला की पोटात गोळा यावा असेच दिवस ते. सचिव उठले, चष्मा लावला, पान पाहिले, मूळ कागद मागवले. निधी त्याच वर्षी नव्याने काढलेला होता. मागच्या वर्षाचा रकाना रिकामा असायला हवा होता आणि पाच लाख चालू वर्षाखाली. छापताना आकडा डावीकडे सरकून मागच्या वर्षाखाली जाऊन बसला होता. समजूत पटायला अर्धा तास गेला. आप्पांची पटली की नाही, मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र तेवढा अर्धा तास मान वर केली नाही.

माझे माहेर धुळ्याचे. तिथे १९९४ साली मी टायपिंगचा क्लास लावला होता. सरकारी मराठी टायपिंगची मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा द्यायची, म्हणजे वेग तर हवाच, पण पत्र आणि तक्ताही यायला हवा. तक्त्याला सगळे 'स्टेटमेंट' म्हणत. आमचे सर स्टेटमेंटच्या आधी कोणालाही यंत्राला हात लावू देत नसत. आधी कागदावर गणित. रेघेत ८० ठोके बसतात असे धरा. पहिल्या रकान्यातली सर्वांत लांब नोंद ३२ ठोक्यांची, दुसऱ्या-तिसऱ्या रकान्याची बारा-बारा, झाले ५६. उरले २४. दोन्हीकडचे समास आणि मधल्या दोन फटी, अशा चार जागा, वाटणीला सहा-सहा. म्हणजे पहिला रकाना ६ वर सुरू, दुसरा ४४ वर, तिसरा ६२ वर. मग यंत्रावर त्या आकड्यांशी टॅब लावायचे आणि टॅबची कळ दाबली की कॅरेज खडखडत नेमके तिथे जाऊन थांबायचे. आकडे एकं-खाली-एकं, दहं-खाली-दहं आले नाहीत तर सर कागद यंत्रातून ओढून काढत.

हे सगळे मला येत होते. लग्न होऊन जळगावला आले, गोलाणी मार्केटच्या आसपास डीटीपीचे काम धरले, समोर संगणक आला आणि मी सरांचे गणित विसरले. का, तर विसरता येत होते. पडद्यावर दिसते ना, आकडा थोडा डावीकडे वाटला की स्पेसबार दाबा, अजून दोनदा दाबा, जुळला. कोणाला गणित करायला वेळ आहे!

टाइपरायटरवर हे चालूनही गेले असते. तिथे कॅरेज सरकवणाऱ्या प्रत्येक ठोक्याला सारखीच जागा. इंग्रजी पायका यंत्रावर इंचाला दहा अक्षरे, एलीटवर बारा, मग ते आय असो की डब्ल्यू. संगणकातल्या फॉन्टमध्ये तसे नाही. 'क्ष'ला वेगळी रुंदी, 'र'ला वेगळी, एकाला आणि आठाला वेगळी असू शकते, आणि स्पेसची रुंदी तर ज्या त्या फॉन्टची आपली. माझ्या अहवालात काय झाले ते आता कळेल. माझ्या संगणकावर त्या मराठी फॉन्टची एक आवृत्ती होती, छापखान्यात दुसरी. त्यांच्याकडे स्पेस किंचित अरुंद. ज्या ओळीत दोन्ही वर्षांचे आकडे होते, तिथे मोजक्याच स्पेस होत्या, ती ओळ थोडी सरकली आणि कोणाच्या लक्षात आले नाही. इमारत निधीच्या ओळीत मागचे वर्ष रिकामे, म्हणून मी तिथे स्पेसची रांगच लावली होती. जितक्या स्पेस जास्त, तितकी ओळ जास्त सरकली. प्रूफ मी पाहिले होते, पण माझ्याच प्रिंटरवर. छापखान्याचा यात काडीचा दोष नव्हता.

आज यूनिकोड आला म्हणून हा घोळ संपला असे समजू नका. मंगल फॉन्टमध्ये केलेले पान कोकिला फॉन्टमध्ये बदलून बघा. त्याच पॉइंटला कोकिलाचे अक्षर बरेच लहान दिसते. स्पेसने जुळवलेले सगळे रकाने एका क्षणात विस्कटतात. टॅबने जुळवलेले जागेवर राहतात. टॅबमध्ये आपण यंत्राला अंतर सांगत नाही, जागा सांगतो. 'इतके पुढे सरक' असे नव्हे, 'डाव्या समासापासून दहा सेंटिमीटरवर ये'. टॅबच्या आधीची अक्षरे जाड असोत की बारीक, ती जागा हलत नाही. अर्थात मधला मजकूरच त्या जागेच्या पलीकडे गेला, तर टॅब पुढचा थांबा शोधतो. म्हणून सर्वांत लांब नोंद आधी मोजायची ही सरांची रीत इथेही सुटत नाही.

धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर, दोन्हीकडे जुनी हस्तलिखिते जपलेली आहेत. जुन्या पोथीचे पान ज्यांनी पाहिले असेल त्यांना दोन्ही बाजूंच्या तांबड्या उभ्या रेघा आठवतील. शाईत बोरू बुडवण्याआधी समास ठरलेला असे. मी २००७ साली नेमके उलटे करत होते, आधी मजकूर आणि मग ठोकून ठोकून जागा.

तर आता कामाचे. कोणाचीही फाइल हातात आली की मी पहिल्यांदा वर्डच्या होम पट्टीवरचे उलट्या 'पी'सारखे दिसणारे चिन्ह दाबते. लपलेले सगळे उघडे पडते. स्पेस म्हणजे ठिपका, टॅब म्हणजे बाण. ठिपक्यांची रांगोळी दिसली की समजावे, इथे माझ्यासारखेच कोणीतरी बसले होते. मग व्ह्यूमधून रूलर दाखवायचा. रूलरच्या डाव्या टोकाला एक लहानसा चौकोन असतो. त्यावर दर क्लिकला टॅबचा प्रकार बदलतो: डावा, मधला, उजवा, दशांश आणि नुसती उभी रेघ ओढणारा. हवा तो प्रकार निवडून रूलरवर हव्या जागी क्लिक केले की टॅब लागला. नको असेल तर धरून रूलरच्या खाली ओढून सोडायचा.

इथे एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. टॅब पानाला लागत नाही, परिच्छेदाला लागतो. आणि यंत्राच्या दृष्टीने एंटर दाबले की नवा परिच्छेद. म्हणून तक्त्याच्या सगळ्या ओळी आधी निवडायच्या आणि मग टॅब लावायचा. नाहीतर पहिली ओळ शहाणी आणि बाकीच्या बेवारस. काहीच लावले नसेल तर वर्ड दर अर्ध्या इंचावर स्वतःचे थांबे धरून चालतो. तीन-चार टॅब दाबून जागा गाठणारे लोक याच थांब्यांवर उड्या मारत असतात. तेही स्पेसबारचेच भावंड. नियम सोपा ठेवा, दोन रकान्यांच्या मध्ये टॅब एकच.

आकड्यांना उजवा टॅब. डावा लावला तर पाच लाख आणि पाच हजार एकाच जागी सुरू होतील आणि एकं-दहं कोलमडतील. रुपये-पैसे असतील तर दशांशाचा टॅब, पण सगळीकडे पैशांचे दोन अंक लिहायची शिस्त असेल तर उजव्यानेही तेच काम होते. बाजार समितीच्या भावपत्रकात किमान, कमाल, सरासरी असे रकाने असतात, तिथे तीन उजवे टॅब आणि वरच्या शीर्षकालाही तेच. शीर्षक मध्ये आणि आकडे उजवीकडे असे केले की रकाना तिरका दिसतो. रिकाम्या जागी नुसती स्पेस सोडू नका, 'निरंक' लिहा किंवा आडवी रेघ द्या. माझ्या त्या ओळीत एक रेघ असती तर आप्पा उठलेच नसते.

अर्जात 'स्थळ : जळगाव' डावीकडे आणि 'दिनांक' उजवीकडे एकाच ओळीत हवे असते. उजव्या समासावर एक उजवा टॅब, बस्स. 'आपला विश्वासू', त्याखाली सही, नाव, पत्ता हा गठ्ठा मात्र टॅबने नको. त्या ओळी निवडून रूलरवरच्या खालच्या चौकोनाने सगळा डावा समासच आत ढकलायचा. अनुक्रमणिकेतले ठिपके हाताने टाइप करणाऱ्यांना हात जोडून सांगते, टॅबवर डबल क्लिक करा, लीडर नावाचा पर्याय आहे, ठिपके तो भरतो.

पण टॅबचा हट्टही बरा नव्हे. तपशील दोन ओळींचा व्हायला लागला किंवा रकाने चारपेक्षा जास्त झाले की सरळ टेबल घाला आणि रेघा नको असतील तर काढून टाका. टेबलात टॅबची कळ पुढच्या चौकटीत नेते. चौकटीच्या आत टॅब हवा असेल तर कंट्रोल धरून दाबायचा. आताचे अहवाल मी टेबलातच करते.

आता जस्टिफाय. दोन्ही कडा सरळ दिसल्या की गिऱ्हाईक खूश होते, म्हणून सगळेच ते बटण दाबतात. मराठी शब्द प्रत्यय लागून लांबतात, 'महानगरपालिकेच्या' हा एकच शब्द बघा. अरुंद रकान्यात तो खालच्या ओळीत गेला की वर उरलेले दोन शब्द दोन टोकांना उभे राहतात, भांडण झाल्यासारखे. तिथे डावीच कड धरलेली बरी. आणि जस्टिफायमध्ये शिफ्ट-एंटरने ओळ तोडली तर तुटलेली ओळ ताणली जाते. मग लोक मधल्या जादा स्पेस पुसायला बसतात, ज्या मुळात नाहीतच. एंटर तरी द्या, नाहीतर शिफ्ट-एंटरच्या आधी एक टॅब टाका, ओळ आवरते.

छापखान्यात फाइलसोबत पीडीएफ द्या आणि छपाईआधी प्रूफ त्यांच्याकडचे मागा. व्हॉट्सॅपच्या निरोपात रकाने जुळवत बसू नका, पीडीएफ नाहीतर फोटो पाठवा.

ते आप्पा तीन-चार वर्षांनी दुकानात आले. नातवाची लग्नपत्रिका. आमच्याकडे पत्रिकेत आप्तेष्टांची नावे म्हणजे केवढी यादी, तीन रकाने तर हवेतच. मामाकडचे नाव काकांच्या रकान्यात सरकले तर लग्नात ताळेबंदापेक्षा मोठी सभा भरते. त्यांनी मला ओळखले नव्हते असे मला वाटले. प्रिंट हातात दिली तर त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि पडद्याकडे बोट केले.

"ताई, नावं जागावर शेतस ना? तो निधी पळी गया व्हता."

मी ते उलट्या 'पी'चे बटण दाबले आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. आप्पा चष्मा सावरत एकेक बाण बोटाने मोजायला लागले.