सांजवेळच्या विजेचा हिशेब

रायपूरच्या पश्चिमेस राजनांदगाव येथे २०२४ साली केंद्र सरकारच्या सौर ऊर्जा महामंडळाचा १०० मेगावॅटचा प्रकल्प राष्ट्रास अर्पण झाला. त्यास १२० मेगावॅट-तासांची बॅटरी जोडलेली आहे. ४० मेगावॅट या दराने वीज घेतल्यास ती तीन तास पुरते.

तीनच तास का? सूर्य मावळतो नेमका तेव्हाच घरोघरी दिवे लागतात. मागणी कोणत्या घटकेस किती वाढेल, कोळसा, पाणी, ऊन व वारा यांतून ती कितपत भागेल, साठवणुकीस किती खर्च येईल, हे गणित संगणकावर मांडले जाते. त्यास ऊर्जाव्यवस्थेचे प्रतिमान म्हणतात. नियोजन आयोगाने २०१४ साली असे एक प्रतिमान सर्वांस खुले केले. पुढे नीती आयोगाने ते सुधारले. २०२१ साली भारताने ग्लासगो येथे २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे, म्हणजे हवेत सोडू तेवढाच कर्बवायू शोषून घेण्याचे, ध्येय जाहीर केले. तेव्हापासून या गणिताची निकड वाढली.

छत्तीसगढची वीज मुख्यतः कोळशाची. कोरब्याच्या खाणकामगाराची मजुरी हाही या गणितातील एक रकाना असावयास हवा. तो भरण्यात कोणत्याही खासगी कंपनीचा लाभ नाही. म्हणूनच अशा संशोधनास सरकारी अनुदान लागते.