जुन्नरची लेणी कशी पाहावीत?



वस्तुसंग्रहालय म्हटले की काचेची कपाटे डोळ्यांपुढे येतात. आपल्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांना त्यासाठी मुंबई गाठण्याचे कारण नाही. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दीडशेहून अधिक कोरीव लेणी आहेत आणि ती मूळची बौद्ध आहेत. मंचर-घोडेगावकडच्या कुटुंबांनी नारायणगावमार्गे सकाळी निघावे. मुलांना आणि म्हाताऱ्यांनाही बरोबर घ्यावे.

प्रथम लेण्याद्री. तीनशेच्या वर पायऱ्या आहेत. वर पोहोचल्यावर बहुतेक लोक सातव्या लेण्यातल्या गणपतीकडे वळतात. तुम्ही ते लेणे अवश्य पाहा, पण छताकडे आणि भिंतींकडे पाहा. एकही खांब नसलेले एवढे मोठे दालन आणि तीन बाजूंना भिक्खूंच्या २० खोल्या! आपण आज वंदनेच्या जागेला विहार म्हणतो. त्या काळी विहार म्हणजे भिक्खूंचे निवासस्थान. हा तसा विहार आहे. मूर्तीची जागा मधल्या खोल्या एक करून पुढे झाली. दर्शनाला आलेल्यांशी वाद घालू नका. धर्मस्थळाचा वापर बदलतो, हे जगभर घडले आहे. कंबोडियातील अंकोरवाट हे विष्णूसाठी बांधलेले मंदिर. पुढे ते बौद्धांचे झाले. मात्र वास्तू मुळात कोणाची, हे आपल्या मुलांना ठाऊक असलेच पाहिजे.

शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. इथे मुले विचारतील, ‘बुद्ध कुठे आहेत?’ मूर्ती नाही, स्तूप आहे. त्या काळी इथे स्तूपालाच वंदन करीत. दर्शनी भागावरचा लेख सांगतो, की हे चेतियघर कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत्त याचे दान आहे. हेरणिक म्हणजे सोनार किंवा खजिनदार, असा अर्थ अभ्यासक लावतात. म्हणजे राजाने नव्हे, एका गृहस्थाने दिले.

जुन्नरचे खरे धन हे लेखच आहेत, असे मला वाटते. धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघटनेने, सात खोल्यांचे लेणे आणि पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, दान केले. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे रक्कम ठेवल्याचा उल्लेख आहे. टोपल्या विणणाऱ्यांच्या हाती लोक विश्वासाने पैसा ठेवीत होते! ज्यांचा धंदा पुढे हलका ठरवला गेला, त्यांची त्या काळातली पत या दगडावर नोंदलेली आहे. मुलांना हे नीट समजावून सांगा, घाई करू नका.

आणखी एक शब्द आढळेल: यवन. त्याचा मुसलमान असा अर्थ इथे घेऊ नये, इस्लाम त्या वेळी जन्मालाही आला नव्हता. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेले परके. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली, चिट याने संघासाठी भोजनमंडप दिला, चंद याने मानमोडीच्या भूतलिंग लेण्यांत चैत्यगृहाचे द्वार दिले. मिलिंद राजाही यवनच. पूज्य बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला त्याचे नाव दिले, ते उगीच नव्हे.

लेख ब्राह्मी लिपीत आहेत. मुलांना दोनच अक्षरे शिकवून न्या: ‘ध’ ताणलेल्या धनुष्यासारखा, ‘म’ खाली वाटोळा आणि वर दोन शिंगे असलेला. ‘देयधम’, म्हणजे धम्मदान, हा शब्द बऱ्याच लेखांत येतो. ही अक्षरे सापडली की मुले स्वतःच तो शोधू लागतात. अक्षरांवर खडू फिरवू देऊ नका, हातही लावू देऊ नका.

उन्हे उतरण्याआधी जमल्यास जुन्नरच्या पश्चिमेची तुळजा लेणी पाहावीत. तिथले चैत्यगृह वर्तुळाकार आहे. मधोमध स्तूप, भोवती १२ साधे अष्टकोनी खांब. अशी रचना महाराष्ट्रात क्वचितच दिसते. खांब मुलांना मोजू द्या. डब्यातली भाकरी खाली झाडाखाली खा, आणि कागद उचलून घरी आणा.