पुरण, पाटा आणि पारणे

वारकरी सज्जनहो, निरूपणाला लागण्याआधी घरातली एक फजिती सांगतो. गेल्या श्रावणातली द्वादशी. तिथी सकाळीच संपत होती आणि पारण्यास चार माळकरी यायचे होते. सूनबाईने पहाटे उठून डाळ शिजवली, गूळ घालून पुरण घट्ट केले आणि मिक्सरात घातले. यंत्र दोनदा घुरघुरले आणि बसले. भांडे काढून पुन्हा लावले, बटण फिरविले, ढिम्म हलेना. पुरणयंत्राची जाळी तर कधीच हरवलेली. मी देवघरातूनच ओरडलो, “काल रात्री तयारी करून ठेवायला काय झाले होते?” ती बोलली नाही. पदराने डोळे पुसताना मात्र दिसली.

आणि आदल्याच रात्री, याच तोंडाने, मी मांड्यांचे आख्यान लावले होते!

ते आख्यान तुम्हांस पाठ आहे. निवृत्तिनाथांस मांडे खावेसे वाटले. मांडे भाजायला खापर लागते. मुक्ताबाई कुंभारवाड्यात गेली, तर विसोबांनी कुंभारांना आधीच दटावून ठेवलेले. पोर रडत घरी आली. पुढे ज्ञानोबारायांनी जठराग्नी चेतविला, पाठ तापली आणि मुक्ताईने तिच्यावर मांडे भाजले. येथे श्रोते टाळी देतात; माझेही निरूपण वर्षानुवर्षे येथेच रंगत आले. पण त्या सकाळी मला दुसरेच सुचले. बहीण रिकाम्या हाताने आली, तेव्हा “लवकर का गेली नाहीस?” असे ज्ञानदेवांनी विचारले नाही. विसोबांनाही बोल लावला नाही. आधी तिचे रडे थांबविले. पाठ तापविणे आपल्या हाती नाही बाबांनो. पण एवढे तर होते ना?

विवेकचूडामणीत तितिक्षेचे लक्षण दिले आहे. दुःखाचा प्रतिकार नको, चिंता नको, विलाप नको. हे लक्षण मुमुक्षूचे. प्रपंची माणसाने मिस्त्रीलाही बोलावू नये असा अर्थ केला, तर घर चालायचे नाही. आपण प्रतिकार खुशाल करावा. चिंता आणि विलाप तेवढे टाकावेत. आम्ही मात्र नळाला पाणी आले नाही, गॅस संपला, वीज गेली, की आधी विलाप करतो, मग दोषी शोधतो आणि प्रतिकार सर्वांत शेवटी! हाच माणूस वारीत दिवेघाट चढून सासवडला पोचतो, तंबू गळतो, चूल भिजते, तरी अर्धीकच्ची भाकरी हसत खातो. घरी तीच भाकरी ताटात आली तर?

असो. मी उठलो, सूनबाईची क्षमा मागितली आणि माळ्यावरचा पाटा-वरवंटा उतरविला. धुळीने माखलेला. मी धुतला, तिने पुरण वाटायला घेतले. तोवर तिथी सरत आली. अंबरीष राजाची गोष्ट भागवताच्या नवव्या स्कंधात आहे. दुर्वास स्नानाहून परतेनात आणि द्वादशी संपू लागली, तेव्हा राजाने नुसते पाणी घेऊन पारणे साधले. आम्हीही आलेल्या मंडळींसह तुळशीपत्र घालून तीर्थ घेतले. पोळ्या मागाहून, सावकाश झाल्या. पुरणात एखादी डाळ राहिली होती. कोणी काही म्हटले नाही, मीही नाही.

संध्याकाळी शेजारचा मुलगा आला. त्याने यंत्र उपडे करून बुडाचे लाल बटण दाबले आणि ते गरगर फिरू लागले! घट्ट पुरणाचा भार मोटारीला सोसला नाही, की ती जळू नये म्हणून आतली कळ वीज तोडते. निवू द्यावे, भांड्यातले थोडे काढावे, मग बटण दाबावे, असे तो म्हणाला. सूनबाई माझ्याकडे पाहून हसली. “मामंजी, तापल्यावर ते गप्प तरी बसते हो!”

मी काय बोलणार? पाटा आता ओट्याखालीच असतो. नात त्यावर चटणी वाटते.