शिक्का कुठे मिळतो ते आधी बघा

मी बाझलला राहते. इथून आठ नंबरच्या ट्राममध्ये बसलं की मधे न उतरता जर्मनीतल्या वाइल आम राइनला पोचता येतं. त्यामुळे दर उन्हाळ्यात पुण्याहून आलेलं कोणीतरी विचारतंच, “ताई, महागाचा कॅमेरा इकडे घ्यावा की तिकडे?”

माझा मामेभाऊ तर ठरवूनच आला होता. लायका वेट्झलारची, म्हणजे जर्मनीत स्वस्त, हे त्याचं गणित. कारखान्याच्या गावाचा पाटीवरच्या किमतीशी फारसा संबंध नसतो. समजा, करापूर्वीची किंमत ७,००० युरो आहे. जर्मनीत १९ टक्के व्हॅट लागून ती ८,३३० होते, फ्रान्स-ऑस्ट्रियात २० टक्क्यांनी ८,४००, डेन्मार्कमध्ये २५ टक्क्यांनी ८,७५०. स्वित्झर्लंडमध्ये २०२४पासून कर ८.१ टक्केच आहे. मग इथे डोळे मिटून घ्यावा? नाही. कंपनी प्रत्येक देशासाठी अधूनमधून किंमत ठरवते, चलन मात्र रोज हलतं. १५ जानेवारी २०१५ला स्विस राष्ट्रीय बँकेने युरोला १.२० फ्रँकची राखलेली मर्यादा सोडली आणि फ्रँक एका दिवसात वधारला. पाट्या काही एका दिवसात बदलत नाहीत. त्यात इथली भाडी, इथले पगार. कमी कराचा फायदा त्यात कधी टिकतो, कधी वाहून जातो.

म्हणून आधी दोन्हीकडचे कर काढा, मग तुलना करा. आणि कर काढताना भागाकार करा. ८,३३०ला १.१९ने भागलं की ७,००० येतात. सरळ १९ टक्के वजा केले तर ६,७४७ दिसतात आणि अडीचशे युरो नुसते कागदावर वाचतात. अमेरिकेतल्या किमती बघून हळहळणाऱ्यांसाठी एवढंच, की तिथल्या पाटीत राज्याचा विक्रीकर धरलेलाच नसतो.

भावाने फ्रायबुर्गला कॅमेरा घेतला. दुकानदाराने व्हॅट परत मिळवण्याचा फॉर्म भरून दिला, “विमानतळावर शिक्का घ्या” म्हणाला. परतीचं विमान झुरिकचं होतं, हे ना त्याने विचारलं, ना याने सांगितलं. जर्मन व्हॅट परत मिळतो तो माल युरोपीय संघाबाहेर गेल्याबद्दल, आणि स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये असलं तरी संघात नाही. गाडीत पासपोर्ट कोणी बघेलच असं नाही, त्यामुळे कित्येकदा सीमा गेल्याचं कळतही नाही. पण शिक्का त्या सीमेवरच्या जर्मन कस्टम्सचा लागतो. झुरिकहून त्याचा फोन आला, “ताई, इथे कोणी हातच लावत नाहीये फॉर्मला!” तेराशे युरोंवर पाणी.

तुमचा मार्ग असाच असेल तर सीमेवर उतरा आणि कॅमेरा, पावती, पासपोर्ट, फॉर्म सगळं तिथल्या खिडकीवर दाखवा. लगेच पलीकडच्या स्विस कस्टम्सलाही आपणहून सांगा. फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकहून थेट मुंबईला निघत असाल तर बॅग चेक-इन करण्याआधी शिक्का घ्या. खरेदीच्या महिन्यानंतर तीन महिन्यांच्या आत माल बाहेर जावा लागतो. परतावा देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या आपला वाटा कापतात. दुकान स्वतः पैसे परत करत असेल तर ते बरं.

“ताई, तुझ्या नावावर घेऊ?” हेही चालत नाही. फॉर्म खरेदी करणाऱ्याच्या नावाचा असतो, आणि मी इथली रहिवासी असल्याने मला दीडशे फ्रँकच्या वरच्या मालावर सीमेवर ८.१ टक्के स्विस कर भरावा लागतो.

मुंबईत उतरल्यावरचा खर्चही याच हिशेबात धरा. २०१६च्या बॅगेज नियमांत करमुक्त मुभा पन्नास हजार रुपयांची होती. ती कितीही वाढली तरी असा कॅमेरा तिच्या पुष्कळ वर जातो. तेव्हा निघण्याआधी चालू दर बघा आणि रेड चॅनेलने जा. ड्यूटीची पावती जपून ठेवा, कारण पुढच्या वेळी तोच कॅमेरा गळ्यात अडकवून परदेशी जाल तेव्हा तिच्या आधारे कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेता येतं.