एक आजोबा, दोन जन्मसाले

धाकट्या भावाच्या जातपडताळणीसाठी वंशावळ लिहून द्यावयाची होती. घरात इतिहासाची विद्यार्थिनी मीच, तेव्हा ते काम माझ्याकडे आले. दोन दिवसांत आटपेल असे वाटले. पण आजोबांपाशीच घोडे अडले.

शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांची जन्मतारीख 1 जून 1921. सिन्नरला तालुक्याच्या दप्तरात आमच्या गावचे कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना 14, पाहिले, तर जून 1918 मध्ये पणजोबांच्या नावापुढे 'मुलगा' एवढीच मोडीत नोंद. बाळाचे नाव नाही. बारशापूर्वीच्या नोंदीत ते कुठून असणार? घरची आठवणही त्याच बाजूची. "मानमोडीच्या साली पोर झालं," असे पणजी म्हणत. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्ल्युएंझाची साथ.

दोन विरुद्ध एक. शिवाय पडताळणीत नोंद जितकी जुनी तितके तिचे वजन अधिक. 1918 लिहून मोकळे होण्याचा मोह मला झाला, हे कबूल करते.

पण कागदांची मते मोजायची नसतात. कोणी लिहिले, केव्हा आणि कशासाठी, हे पाहायचे असते. शिवजन्माचा वाद आठवावा. उत्तरकालीन बखरींच्या आधारे शके 1549, म्हणजे 1627, हे साल रूढ होते. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत मात्र शके 1551 फाल्गुन वद्य 3 निघाले. परमानंदाच्या शिवभारतानेही त्याला दुजोरा दिला. तोच 19 फेब्रुवारी 1630. येथे 1551 मध्ये 78 मिळवून 1629 काढणारा फसतो. फाल्गुन इंग्रजी वर्ष पालटल्यावर येतो, म्हणून 79 मिळवावे लागतात.

ही चूक मीही केली. नाशिकला आमच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपडीत पणजोबांची नोंद सापडली, शके 1842 माघ. मी 1920 मांडले. खरे ते 1921 चा आरंभ. पणजोबा, त्यांचे वडील, आजे, भाऊ, थोरला मुलगा, सारी नावे होती. (मुलींची नव्हती, हे सांगायला नकोच.) आजोबांचे नाव नव्हते. 1918 चा जन्म असता तर तोवर ते अडीच वर्षांचे असते. अर्थात चोपडीत एखादे मूल राहूनही जाते, म्हणून एवढ्यावर निकाल देता येईना.

1 जूनबद्दल काय बोलावे! आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा त्याच दिवशी जन्मले आहेत. ती तारीख गुरुजींची. पण समोर उभे पोर सहाचे की नवाचे, एवढे गुरुजींना कळतच असणार.

मग कोतवाल बुकातली मृत्यूची पाने काढली. ती आधी पाहायला हवी होती. नोव्हेंबर 1918, तेच पणजोबा, 'मुलगा, वय 5 महिने, ताप.'

आजोबांचे नाव दगडू, धोंडू, केरू या पंक्तीतले. मूल दगावले की पुढच्याला असे नाव ठेवीत, काळाची नजर पडू नये म्हणून. ते नाव मी जन्मापासून ऐकत होते आणि तोच पुरावा आहे हे मला सुचले नव्हते. 1921 ची पाने वाळवीने खाल्ली आहेत, त्यामुळे आजोबांचा दिवस काही मिळाला नाही.

आत्याला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, आजी आखितीला सगळ्यांचे घास काढून झाले, की एक लहानसा घास वेगळा ठेवायची. कुणाचा म्हणून विचारलं, तर म्हणायची, असू दे."

म्हणजे पणजी खरेच सांगत होत्या. ते पोर म्हणजे आजोबा, हे आम्ही ठरवले होते.

वंशावळीत आजोबांपुढे 'अंदाजे 1921' लिहिले. त्यांच्या आधी एक रेघ ओढून 'मुलगा, 1918' असे लिहिले आणि 1918 ची नोंद त्याची म्हणूनच जोडली. अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी विचारले, "नाव?" मी म्हणाले, "ठेवलेले कुठे सापडले नाही."