तारखेची चिंता सोड

नगर

चि. रूथ हिस,


चेन्नईच्या प्रार्थनासभेत कुणीतरी तुला विचारलं, "तुझा नवा जन्म कोणत्या तारखेला झाला?" तुला उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून तुझं चित्त थाऱ्यावर नाही, असं तुझी आई सांगत होती. तान्हेपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण, दर रविवारी उपासना. एवढं करूनही काही राहून गेलं की काय, ही तुझी धास्ती मला कळते. ती झटकून टाकू नकोस. ती पंडिता रमाबाईंनाही होती. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, नाव झालं. तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत मोकळेपणी लिहिलं. आपल्या लायकीकडे न बघता, आहोत तसं त्याच्या पायाशी जायचं, हे उमगायला त्यांना बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षं लागली.

तू राहतेस त्या मुलुखाने रमाबाईंना फार रडवलं होतं. १८७०च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तेव्हा त्यांचं कुटुंब तिकडे तीर्थयात्रा करत हिंडत होतं. काही महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण गेली. आई आजारी असताना तिच्यासाठी भाकरीचा तुकडा मागायला कोवळी रमा एका दारात उभी राहिली, पण लाजेने तोंडातून शब्द फुटेना. चेहराच सगळं सांगून गेला. त्या घरच्या बाईने ओळखलं आणि भाकर दिली. १८९६ साली मध्य प्रांतातल्या दुष्काळाची बातमी आली, तेव्हा रमाबाईंना घरी बसवेना. हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी आणल्या, केडगावला वसवल्या. दया अंगात मुरली की माणूस असा उठतो.

निकदेमाचंही बघ. योहानाच्या शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात तो रात्री येशूकडे येतो, नव्या जन्माचं ऐकून गोंधळतो. तो जन्म त्याला कधी लाभला, हे योहान कुठेच लिहीत नाही. १९व्या अध्यायात मात्र, शिष्य पांगलेले असताना, हाच निकदेम गंधरस आणि अगरू घेऊन प्रभूला पुरायला उघडपणे येतो.

म्हणून तारीख शोधत बसू नकोस. आज रात्री दार लावून प्रभूशी बोल. मनात जे सलतंय ते नाव घेऊन सांग, गोलमाल नको. क्षमा माग, आणि मिळाली यावर विश्वास ठेव. हेच आपल्याला सगळ्यात जड जातं. मग तुझ्या होस्टेलातली ती टायफॉईडने पडलेली मुलगी, जिच्या खोलीकडे कुणी फिरकत नाही म्हणालीस, तिच्याकडे जा. मेसमधल्या अक्कांकडून पातळ कंजी करून घे, स्वतः नेऊन दे, जरा वेळ बस. उपकाराची फेड म्हणून नको. प्रभूच्या दयेची फेड तुझ्या-माझ्याने व्हायची नाही, आणि तो ती मागतही नाही.

तिचा ताप उतरला का, ते कळव.

तुझी,
आत्या