वर्णन एक, वस्तू दुसरी

विद्यार्थिमित्रहो, आपल्या मुळशी तालुक्यात पावसाळ्यापूर्वी ताडपत्री घेणे ही चैन नव्हे, हे तुम्हांस सांगावयास नको. पेंढ्याची गंजी, सरपणाचा ढीग आणि गोठ्याचे गळके पाखे, या तिन्हींची चिंता मे महिन्याच्या अखेरीस प्रत्येक घरी असते. गेल्या वर्षी याच दिवसांत आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांनी मोबाइलवरून ऑनलाइन ताडपत्री मागविली. वर्णनात लिहिले होते : अठरा फूट रुंद, चोवीस फूट लांब, जाडी दर चौरस मीटरास २०० ग्रॅम. किंमत २,४०० रुपये. ती त्यांनी आगाऊ भरली.

माल आला. लांबीरुंदी बरोबर भरली. परंतु उन्हात धरताच ताडपत्रीतून पलीकडचे माणूस दिसू लागले. वडील म्हणाले, "असेल अशीच." मुलीला मात्र ते पटेना. क्षेत्रफळाचा धडा वर्गात नुकताच झाला होता. अठरा गुणिले चोवीस म्हणजे ४३२ चौरस फूट. एका चौरस मीटरात सुमारे १०.७६ चौरस फूट येतात. तेव्हा ताडपत्री सुमारे ४० चौरस मीटरांची झाली. दर चौरस मीटरास २०० ग्रॅम धरले तर तिचे वजन सुमारे आठ किलो भरावयास हवे. मुलीने घडी डोक्यावर घेतली आणि किराणा दुकानाचा काटा गाठला. वजन भरले चार किलो आठशे ग्रॅम. म्हणजे जाडी २०० नव्हे, १२० ग्रॅमच्या आसपास! गणित जगात कोठे उपयोगी पडते, असे आम्हांस दरवर्षी विचारणाऱ्यांनी हे उदाहरण वहीत उतरून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ शाळेत आले. आकाश भरून आले होते. "सर, आता आणलीच आहे तर पसरून टाकतो. पाऊस काही माझ्यासाठी थांबणार नाही," असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, "भाऊ, पसरू नका. पसरलीत तर ती तुमची झाली."

हे आम्ही का म्हटले, तोच या लेखाचा विषय आहे.

मालविक्रीचा आपला कायदा १९३० सालचा आहे. त्याचे १५ वे कलम सांगते की, वर्णनावरून माल विकला असेल तर माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. ४१ व्या कलमाप्रमाणे, आधी न पाहिलेला माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानीत नाहीत. ४२ वे कलम मात्र ग्राहकासही बांधते. माल आपलाच आहे अशा रीतीने त्याने तो वापरला, अथवा नाकारल्याचे न कळविता वाजवी मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर तो स्वीकारला असे ठरते. मग भरपाई मागता येते. पण माल परत करून सौदा मोडण्याचा हक्क सहसा हातचा जातो. करारांचा कायदा याहून जुना, १८७२ सालचा. असत्य कथनावर विसंबून ज्याने संमती दिली, त्याच्या इच्छेनुसार तो करार मोडता येतो, असे त्याचे १९ वे कलम सांगते. तेथेही एक मेख आहे. साध्या दक्षतेने सत्य कळण्याजोगे असेल, तर निव्वळ चुकीच्या कथनाची सबब चालत नाही. म्हणून वर्णन खालच्या बारीक अक्षरांपर्यंत वाचावे.

येथे एक भेद नीट ध्यानात घ्यावा, कारण पालकही येथे चुकतात. वर्णन फसणे निराळे आणि मन फिरणे निराळे. युरोपीय संघात दूरवरून घेतलेल्या बहुतेक वस्तू चौदा दिवसांच्या आत कारण न देता परत करता येतात. आपल्या कायद्यात असा सर्वसाधारण हक्क नाही. रंग आवडेनासा झाला, शेजाऱ्यास स्वस्त मिळाली, एवढ्यावरून परत करणे विक्रेत्याच्या सवलतीवर अवलंबून असते. आणि मन फिरले असता "वर्णन खोटे होते" अशी तक्रार करणे हेही असत्य कथनच होय. दोन दिवस मिरवून सदरा परत पाठविणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. परंतु वर्णनच खोटे निघाले, तर "हा माल परत घेतला जात नाही" या पाटीस भिण्याचे कारण नाही. ई-कॉमर्सविषयीचे नियम २०२० च्या जुलैत लागू झाले. जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील, तर तो परत घेण्यास अथवा पैसे परत देण्यास विक्रेत्याने नकार देऊ नये, असे ते स्पष्ट बजावतात. विक्रीस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावावा, असेही त्यांत आहे.

हे कायदे आकाशातून पडलेले नाहीत. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ साली आपल्या पुण्यातच सुरू केली. पुढे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्यास २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून त्या दिवशी राष्ट्रीय ग्राहक दिन पाळतात. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली. तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. खेड्यातील माणसास त्यातील एक तरतूद विशेष मोलाची आहे. विक्रेता दिल्लीस असो वा सुरतेस, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते, म्हणजे आपल्याला पुण्यास. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे.

आता ताडपत्रीकडे वळू. मुलीने काट्यावरील वजनाचे आणि मोजपट्टीचे छायाचित्र घेतले. विक्रीच्या पानावरील वर्णनाचेही घेतले, कारण असे वर्णन एका रात्रीत बदलू शकते. त्याच दिवशी वडिलांनी लेखी कळविले : "माल वर्णनाप्रमाणे नाही, आम्ही तो नाकारीत आहोत, वापरलेला नाही, घेऊन जावा व पैसे परत करावे." उत्तर आले की, या प्रकारचा माल परत घेत नाही. मग ४०० रुपये सूट देऊ केली. मग स्वखर्चाने माल पाठविण्यास सांगितले. वस्तुतः वेगळा करार नसेल, तर नाकारलेला माल परत पोहोचविणे ग्राहकाकडे नसते, नकार कळविणे पुरे. हे त्याच कायद्याचे ४३ वे कलम.

मध्यंतरी एक धोका टळला. पैसे लवकर मिळावेत म्हणून वडिलांनी मोबाइलवर शोधून कोणा "मदत केंद्रा"चा क्रमांक काढला होता. पलीकडचा मनुष्य गोड बोलून यूपीआयचा पिन टाकावयास सांगू लागला, तेव्हा मुलीने फोन हातातून घेतला. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मदतीचा क्रमांक विक्रीस्थळाच्या स्वतःच्या पानावरूनच घ्यावा.

दहाव्या दिवशी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदविली. ही हेल्पलाइन न्यायालय नव्हे; ती तक्रार विक्रेत्याकडे पोहोचवून समेट घडविते. तेवढ्यानेच काम झाले. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी २,४०० रुपये खात्यात जमा झाले. तोवर पाऊस केव्हाच सुरू झाला होता. वडिलांनी दूध डेअरीकडून उचल घेऊन पौडच्या बाजारात दुसरी ताडपत्री घेतली होती. पण तिला दोन दिवस उशीर झाला आणि गंजीचा वरचा थर कुजला. त्या पेंढ्याची भरपाई कोणी दिली नाही, त्यांनीही मागितली नाही.

पहिली ताडपत्री नेण्यास अद्याप कोणी आलेले नाही. ती घडी घालून आमच्या प्रयोगशाळेतील कपाटावर ठेवली आहे, विक्रेत्याचे नाव वर चिकटविले आहे. क्रीडामहोत्सवात मंडपासाठी ती मुलांनी मागितली होती. मुलीचे वडील तेथेच उभे होते. ते म्हणाले, "राहू द्या रे. ती आपली नाही."